“बाबा, या मशीनला कसं कळलं?”

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही कापूस खरेदी केंद्रावर जा, गाड्यांची रांग लागलेली दिसेल. ग्रेडर कापसात मॉइश्चर मीटर खुपसतो, छोट्या पडद्यावर आकडा उमटतो आणि बापाचा सगळा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२च्या वर गेला तर माल परत न्यावा लागतो. नेमकं अशा वेळी सोबत आलेलं पोरगं विचारतं, “बाबा, या मशीनला कसं कळलं?”

पालकांनो, त्या क्षणी आपण थकलेले असतो, चिंतेत असतो. “गप बस” हे शब्द ओठांवर येतातच. पण मुलाच्या करिअरची चर्चा दहावीच्या निकालानंतर सुरू करण्यापेक्षा या प्रश्नापासून सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर अवघड नाही. कोरडा कापूस वीज जवळजवळ वाहूच देत नाही. त्यात पाण्याचा अंश वाढला की विजेला होणारा रोध कमी होतो. असे मीटर हा रोध मोजतात आणि टक्क्यांत दाखवतात. शाळेच्या पुस्तकातला विद्युत रोध तो हाच.

तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा

“आमच्या मुलाला सायन्सची आवड आहे,” असं पालक सांगतात, तेव्हा त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: कुतूहल, गणिताची तयारी आणि तर्कशुद्ध विचार. मशीनला कसं कळलं, हे विचारणं म्हणजे कुतूहल. ते बहुतेक मुलांत असतं.

आता गणित पाहा. एक क्विंटल कापसात १२ टक्के ओलावा आहे. तो वाळवून ८ टक्क्यांवर आणायचा, तर वजन किती घटेल? पटकन उत्तर येतं, ४ किलो. ते चूक आहे. १०० किलोत १२ किलो पाणी, म्हणजे कोरडा माल ८८ किलो. वाळवल्यावर हेच ८८ किलो एकूण वजनाच्या ९२ टक्के व्हायला हवेत. ८८ भागिले ०.९२, म्हणजे सुमारे ९५.६५ किलो. घट ४.३५ किलोची. दोन उत्तरांमधला हा फरक २० क्विंटलला सुमारे ७ किलोंचा होतो. पहिलं उत्तर चुकलं तरी “थांबा, परत करून बघतो” म्हणणारं मूल गणितात पुढे जाऊ शकतं. गणिताची तयारी वेगापेक्षा अशा चिकाटीत जास्त दिसते.

तिसरी गोष्ट तर्क. “त्याच गंजीतला कापूस दाबून भरला तर आकडा बदलतो का? सकाळी आणि दुपारी मोजला तर?” एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते वहीत लिहायचं. प्रयोगशाळेतलं विज्ञान याच शिस्तीवर चालतं आणि ती शिस्त घराच्या अंगणातही लावता येते.

देवळालीचे मास्तर

कुतूहलासाठी मोठी पदवीच लागते, हा समज दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी खोटा ठरवला. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचं वैशिष्ट्य शोधलं.

आज रात्री जेवणानंतर मुलांसोबत करून बघा. सगळे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा: ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथेच पोचतो.

आता मूल काय विचारतं ते ऐका. “तीन अंकांचं काय?” असं विचारून ते स्वतःच ४९५पर्यंत पोचलं, तर त्याची नोंद घ्या. ही नोंद गुणपत्रिकेत सापडत नाही.

कापरेकरांचं काम अनेक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. त्यांची नोकरी शेवटपर्यंत शाळेचीच राहिली.

दुसरी वाट सी. व्ही. रामन यांची. १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागले. १९१०च्या सुमारास काही काळ ते आपल्या नागपुरातही होते. कोलकात्यात कचेरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात ते प्रयोग करत. १९१७ मध्ये कमी पगार पत्करून ते प्राध्यापक झाले आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकाने आवड नोकरीसोबत जपली, दुसऱ्याने तिचाच व्यवसाय केला. दोन्ही वाटा मानाच्या आहेत.

“बी.एस्सी. करून काय होणार?”

ही काळजी खरी आहे, तेव्हा उत्तरही ठोस हवं.

बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांमध्ये पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम असतो. त्यासाठी आयएटी परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न तिच्यात असतात. आयसर पुणे २००६ पासून आहे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट ही परीक्षा आहे.

घरची परिस्थिती बाहेर पाठवण्याची नसेल तर यवतमाळचं अमोलकचंद, पुसदचं फुलसिंग नाईक किंवा वणीचं लोकमान्य टिळक महाविद्यालय इथून बी.एस्सी. करा. मग ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. गावातल्या कॉलेजातून वाट बंद होत नाही, फक्त पहिल्या वर्षापासून जॅमचा अभ्यासक्रम समोर ठेवावा लागतो. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या गुणवंतांसाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे. तिचे आणि परीक्षांचे त्या-त्या वर्षीचे नियम अधिकृत संकेतस्थळावरच वाचा.

संशोधन हा लांब पल्ला आहे, हे लपवू नये. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला साधारण पाच वर्षं लागतात. मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये विद्यावेतन मिळतं. संशोधनापलीकडेही कामं आहेत. कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा मोजणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतात. हवामान खातं, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळाही आहेत.

आणि एक मोठं काम आपल्या शेजारी उभं राहणार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मान्यता दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि गुरुत्वीय लहर आली की त्यांच्या लांबीत होणारा, प्रोटॉनहूनही कितीतरी लहान, फरक तिथे मोजला जाईल. अशा ठिकाणी शास्त्रज्ञांसोबत लेझर, निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक सांभाळणारी माणसं लागतात. पुसद-उमरखेडच्या मुलामुलींनी आतापासून हे ध्यानात ठेवावं.

या वर्षी काय करावं

सहावी आणि नववीच्या मुलांना होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवा. ती मराठीतही देता येते. नीटसाठी लातूर-नांदेडला पाठवण्याआधी मुलाला विचारा: रुग्णांमध्ये रमशील की प्रश्नांमध्ये? मुलगी असेल तर हा प्रश्न तिलाही तितक्याच मोकळेपणाने विचारा. आणि कुतूहल भरपूर आहे, पण गणिताशी झटायची इच्छा नाही, असं दिसलं, तर जबरदस्ती करू नका. ते कुतूहल शिक्षकाला, शेतकऱ्याला, मेकॅनिकलाही आयुष्यभर साथ देतं.

विद्यार्थ्यांनो, एक वही करा. रोज एक प्रश्न लिहा, आठवड्यातून एकाचं उत्तर स्वतः मोजून शोधा.

आणि पालकांनो, कापूस मोजून झाला की परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असते आणि घर अजून लांब असतं. मशीनचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, “उद्या तुझ्या सरांना विचारू.” मग ते क्विंटलचं गणित घाला. मूल “४ किलो” म्हणेल. लगेच चूक सांगू नका. घर येईपर्यंत त्याला विचार करू द्या.