जुन्या पिकअपचा धूर काय सांगतो?



गळीत हंगाम तोंडावर आला की बेणे, खते वाहायला घरची जुनी डिझेल पिकअप बाहेर निघते. तिने धूर टाकला की "इंजिन उतरवा" हा सल्ला लगेच मिळतो. इंजिन उतरवले म्हणजे ऊस बिलाचा एक हप्ता गेलाच! तेव्हा आधी धुराचा रंग पाहावा.

काळा धूर सर्वांत स्वस्त. डिझेल जास्त किंवा हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या रानातल्या फुफाट्यात एअर फिल्टर लवकर चोंदतो, तो प्रथम पाहावा. फिल्टर स्वच्छ असेल तर नोझल तपासून घ्यावेत. भरमसाट माल भरून चढाला गाडी रेटली तरी काळा धूर येतो, त्याला मेकॅनिक काय करणार?

निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावर, चालू असतानाच ऑईल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. आतून भकभक वाफारा आला तर रिंगा झिजल्याचा संशय धरावा. तसे नसून फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ते काम पुष्कळ कमी खर्चाचे.

पांढऱ्या धुराकडे मात्र नीट लक्ष द्यावे. थंडीत सुरुवातीची काही मिनिटे तो येणारच. इंजिन तापल्यावरही हटत नसेल, रेडिएटरचे पाणी रोज उतरत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संभव आहे. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसले तर गाडी तिथेच उभी करावी. "एवढी खेप टाकतो" म्हणून दामटली की हेड वाकते, बेअरिंग जातात. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. पाणी जागच्या जागी असेल तर डिझेलमध्ये पाणी, पंपाचे टायमिंग किंवा नोझल पाहावे.

इंजिनजवळ फटफट आवाज येतो आणि जोडावर काजळी दिसते, तेव्हा मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटलेले असते. याला लोक क्षुल्लक समजतात. पण तो धूर केबिनमध्ये शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. डोके जड होणे, मळमळणे हीच काय ती खूण. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

कोणता सिलिंडर मार खातो हे पाहण्यासाठी नोझलच्या पाईपचे नट सैल करण्याची जुनी पद्धत कॉमन रेल इंजिनावर कदापि वापरू नये. तिथला डिझेलचा फवारा कातडीतून आत घुसतो. तसे झाल्यास जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.