नागाचे घर आणि पारा : तापमान व आर्द्रता मोजण्याचा एक धडा

सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी आपल्या समाजात पूर्वापार दोनच भावना दिसतात, भय आणि भक्ती. या प्राण्याला जगायला नेमके काय लागते, ही विचारपूस मात्र दोहोंतही नाही. अलीकडे त्यांत हौसेची भर पडली आहे. शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईला स्थिरावलेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांच्या घरी काचेच्या पेटीत बॉल पायथन, लेपर्ड गेको किंवा इग्वाना आढळतो, आणि सुटीत गावी येताना ती पेटीही सोबत येते. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी विचारतो, ‘सर, उमरखेडच्या उन्हाळ्यात पेटीचे तापमान किती ठेवावे?’ मी इतिहासाचा शिक्षक. तथापि मोजमापालाही इतिहास असतो, म्हणून हा विषय हाती घेतला आहे.

प्रथम कायदा. नाग, धामण, अजगर, घोरपड, तारांकित कासव हे आपल्या मातीतले जीव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. ते पकडणे आणि घरात पाळणे हा गुन्हा आहे. ‘आम्ही त्याला चांगले खाऊ घालतो’ हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. ज्या विदेशी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांच्याबाबत २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले असून ती नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. बॉल पायथन आणि इग्वाना या वर्गात मोडतात. नोंदणी नसलेला प्राणी घरी असेल तर थर्मामीटर घेण्याआधी ते काम करावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सापाला ‘थंड रक्ताचा’ म्हणण्याची पद्धत आहे. ती दिशाभूल करणारी आहे. दुपारी तापलेल्या दगडावर पहुडलेल्या सापाचे रक्त आपल्याइतके उष्ण असू शकते. फरक एवढाच की आपण अन्न जाळून आतून ऊब निर्माण करतो आणि साप ती बाहेरून घेतो. थंडी वाजली तर तो उन्हात येतो, तापला तर बिळात शिरतो. भक्ष्य पचवणे, रोगाशी झुंजणे, कात टाकणे ही सारी कामे योग्य उष्णता मिळाली तरच होतात. म्हणजे सापाचे आरोग्य त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते. पेटीत घातला की हे स्वातंत्र्य आपण काढून घेतो. मग ऊन, सावली, ओल यांची सारी जबाबदारी पेटीच्या मालकावर येते.

बौद्ध साहित्यात नाग वारंवार भेटतो. संबोधीनंतरच्या काळात सात दिवस पाऊस आणि गार वारे सुटले असता मुचलिंद नागराजाने आपल्या वेटोळ्यांनी व फण्याने तथागतांचे रक्षण केले, ही कथा सर्वांना परिचित आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी यांचे शिल्प आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना नाग लोकांनी बुद्धधम्माच्या प्रसारासाठी केलेल्या कार्याचा हवाला दिला. तो नाग म्हणजे माणसांचा समूह होता, सरपटणारा प्राणी नव्हे, ही बाब विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी ठेवावी. प्राण्याविषयी अधिक थेट बोलते ते अहिराज सुत्त. सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाला तेव्हा तथागतांनी सर्पकुळांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले. या सुत्ताकडे केवळ संरक्षक मंत्र म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. मला त्यात दुसरे काही दिसते : ज्याच्याशी मैत्री करायची त्याची गरज आधी जाणून घ्यावी लागते. नागपंचमीला दूध पाजणाऱ्या भक्ताला ती ठाऊक नसते. दूध हे सापाचे अन्न नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो, एवढाच त्या चमत्काराचा अर्थ.

उष्णतेचे मोजमाप तसे अलीकडचे आहे. फॅरनहाइट याने १७१४ मध्ये पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला. सेल्सिअस याने १७४२ मध्ये शंभर अंशांची मोजपट्टी मांडली, ती मात्र उलटी होती. पाणी उकळते तेथे शून्य आणि गोठते तेथे शंभर! पुढे ती सुलटी करण्यात आली. आर्द्रता मोजणे त्याहून अवघड ठरले, कारण वाफ डोळ्यांना दिसत नाही. जिनिव्हाच्या सोस्यूर याने १७८३ मध्ये माणसाच्या केसाचा उपयोग केला. केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. बाजारात मिळणाऱ्या काही तबकडीच्या यंत्रांत आजही तसाच लांबणारा-आखडणारा पदार्थ काटा फिरवतो.

आपल्या शाळेत करण्याजोगे साधन त्याहून सोपे आहे. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यावर मलमलची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि पुठ्ठ्याने वारा घालावा. ओल्या पट्टीतले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून तो पारा खाली येतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन पाऱ्यांतील फरक मोठा. मे महिन्यात कोरडा पारा ४० आणि ओला २२ अंश सेल्सिअस दाखवत असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्के असते. श्रावणात ३० आणि २६ दिसले तर ती ७० टक्क्यांच्या वर जाते.

येथे ‘सापेक्ष’ हा शब्द विद्यार्थ्यांना नेहमी चकवतो. उष्ण हवा अधिक वाफ धरू शकते, थंड हवा कमी. वरच्या उदाहरणातील मे महिन्याची तीच हवा, वाफेचा एक कणही न वाढता, रात्री २८ अंशांवर आली तर तिची सापेक्ष आर्द्रता २० वरून जवळजवळ ४० टक्के होते. म्हणूनच पेटीतील आर्द्रतेचा आकडा तापमानाशिवाय निरर्थक आहे. दोन्ही नोंदी एकाच वेळी, एकाच जागी घ्याव्यात.

एकाच जागी म्हटले, पण पेटीत जागा दोन असतात. पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे गार ठेवायचे असते, म्हणजे प्राणी आपली निवड करू शकेल. बॉल पायथनसाठी उबदार बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५-२६ अंश आणि आर्द्रता ५५ ते ६५ टक्के असावी, असे अनुभवी पालक मानतात. लेपर्ड गेको मूळचा कोरड्या प्रदेशातला. त्याला ३० ते ४० टक्के पुरते, मात्र कात टाकण्यासाठी ओलसर शेवाळ घातलेली एक डबी लागतेच. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यावरचे आवरण तसेच राहते, बोटांना जुन्या कातीचे वळे आवळतात. उलट ओल जास्त आणि वारा कमी असेल तर त्वचेवर फोड येतात, श्वसनाचे विकार जडतात.

तापमापक काचेला वरच्या बाजूस चिकटवणे ही सर्रास आढळणारी पद्धत निरुपयोगी आहे. साप तळाशी राहतो आणि पारा छताची हवा मोजतो. वायरच्या टोकाला संवेदक असलेले डिजिटल यंत्र घेऊन ते टोक प्राण्याच्या उंचीवर, एक उबदार बाजूस व एक गार बाजूस ठेवावे. पिस्तुलासारखे अवरक्त यंत्र फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगते. बाहेरून काचेवर रोखले तर काचेचेच सांगते. चोवीस तासांतील कमाल व किमान आकडा जपून ठेवणारे यंत्र सर्वांत उपयोगी, कारण पहाटे चार आणि दुपारी तीन या दोन्ही वेळी आपण पेटीजवळ नसतो.

आता उमरखेड. या प्राण्यांविषयीची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांचा सारा भर पेटी गरम कशी करावी यावर असतो, दिवा कोणता, चटई कोणती. पैनगंगेच्या काठी मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा आहे. खोलीच ३८ अंशांवर असेल तर पेटीची ‘गार बाजू’ अस्तित्वातच राहत नाही, आणि पुस्तकात लिहिले म्हणून दिवा चालू ठेवणारा माणूस प्राण्याचा जीव घेतो. पुस्तकावर, गुरूवर किंवा परंपरेवर केवळ तेवढ्यामुळे विश्वास ठेवू नये, हे कालामांना सांगितले गेले. पेटीचे पुस्तकही त्याला अपवाद नाही. उन्हाळ्यात दिवा बंद ठेवावा, पेटी खिडकीपासून दूर सर्वांत गार खोलीत जमिनीलगत असावी. वाळ्याचा कूलर मे महिन्यात तापमान उतरवतो आणि ओलही वाढवतो, म्हणजे दुहेरी लाभ. तोच कूलर जुलैत लावला तर गारवा फारसा येत नाही आणि ओल मात्र हाताबाहेर जाते. त्या वेळी जाळीचे झाकण व खेळती हवा हाच उपाय.

तापमानाचा परिणाम केवळ आरोग्यापुरता नसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन उभे केले. मादीने वाळूत घातलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यांत पुरली जातात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्ले समुद्राकडे धावतात. पिल्लू नर होणार की मादी, हे या कासवांत वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. एक-दोन अंशांनी पिढीचे प्रमाण पालटते. वाळूत तापमापक पुरून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळावे.

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. साप पकडण्याचे वंशपरंपरागत कौशल्य असलेल्या इरुला आदिवासींचा व्यवसाय १९७२ च्या कायद्याने संपला. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली. परवाना घेऊन साप पकडायचे, प्रतिविषासाठी विष काढायचे आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा सोडून द्यायचे. तेथे साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून ठेवतात. मडक्याची भिंत उन्हाचा झटका आत पोहोचू देत नाही, आणि ओलसर राहिली तर आपल्या माठासारखीच गार होते. ओल्या पाऱ्याचे तत्त्व तेच. २०२३ मध्ये या समाजातील मासी सदाइयन आणि वडिवेल गोपाल यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडील गारुडी समाजाच्या हातची पुंगीही कायद्याने गेली, आणि सापांवरील क्रौर्य थांबले हे योग्यच झाले. परंतु त्यांच्या कौशल्याला असे दुसरे घर कोणी बांधून दिले नाही. भटक्यांच्या वाट्याला बंदी तेवढी आली, सहकार आला नाही.

यंत्र घेतले तरी ते खरे बोलते का, हे तपासावे. बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांत तापमापक बुडवून ढवळला तर शून्य दिसले पाहिजे. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि यंत्रासह हवाबंद डब्यात बारा तास ठेवावे. आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ८० दाखवत असेल तर त्याची चूक पाच टक्क्यांची आहे. तसे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. हा प्रयोग सातवीची मुले सहज करतात, आणि त्यासाठी पेटीत कोणताही प्राणी असण्याची गरज नसते.

उमरखेड परिसरात साप पकडून जंगलात सोडणाऱ्या तरुणांसाठी एक सूचना. प्लॅस्टिकची बरणी दुचाकीला अडकवून उन्हात उभी केली की तीही एक पेटीच होते, फक्त तिला गार बाजू नसते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले की बहुतेक सापांचा जीव धोक्यात येतो, आणि उन्हातल्या बंद बरणीत ते फार लवकर घडते. त्याऐवजी जाड सुती पिशवी वापरावी, ती सावलीत ठेवावी, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि शक्य तितक्या लवकर, ऊन उतरल्यावर, साप सोडावा.