चाइल्ड सीट, विमान आणि भाड्याची गाडी : लोणंदच्या एका कुटुंबाचा अनुभव व त्यातून निघणारी पथ्ये

लहान मुलाला मोटारीत सुरक्षित बसवण्यासाठी जे वेगळे आसन वापरतात, त्याला बाजारात ‘चाइल्ड सीट’ किंवा ‘कार सीट’ म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब घातले गेले आणि त्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा अशा आसनाने सुरक्षित केलेले नसताना जो गाडी चालवतो, अथवा जो तशी गाडी चालवू देतो, त्याला एक हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे ही जबाबदारी एकट्या आईबापांची नसून चालकाची आणि गाडी धाडणाऱ्या मालकाचीही आहे. पण भाड्याने गाड्या देणाऱ्या मंडळींसमोर हे कलम मांडले की ती ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

या आसनाची गरज कशी पडते, ते साध्या हिशेबावरून कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी धडकून एकदशांश सेकंदात थांबली, तर आतील दहा किलो वजनाचे मूल जवळपास १४० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते आणि एवढा भार कोणत्याही आईच्या किंवा आजीच्या हातांना पेलत नाही. शिवाय तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेची हाडे पुरती पक्की झालेली नसतात, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला गाडीच्या मागील काचेकडे तोंड करून बसवावे लागते, जेणेकरून धक्का मानेवर न येता पाठ, डोके व आसनाची पाठ यांवर विभागला जाईल. याच कारणाने या वयाला ‘बूस्टर’ चालत नाही. बूस्टर म्हणजे मोठ्या मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा त्याच्या खांद्यावर व कमरेवर नीट यावा यासाठी ठेवलेली बैठक. तिला स्वतःचे पट्टे नसतात.

हा शेवटचा भेद ज्यांना ठाऊक असणे आवश्यक होते, त्यांनाच तो ठाऊक नव्हता. लोणंदच्या एका कुटुंबाची कन्या व जावई कॅलिफोर्नियात राहतात. दीड वर्षाच्या मुलाचे जावळ जेजुरीला काढायचे म्हणून ते डिसेंबरात मुंबईमार्गे यायचे होते. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालील मुलाला, ते वजनाने वा उंचीने बरेच मोठे नसेल तर, मागे तोंड करूनच बसवण्याची कायद्याने सक्ती आहे, त्यामुळे त्यांचे स्वतःचे आसन होतेच. परंतु मुंबईहून लोणंदपर्यंत गाडी पुरवणाऱ्या संस्थेने ‘आसन आमच्याकडे मिळेल, एवढे ओझे विमानातून कशाला आणता’ असे कळवले, त्याचे वेगळे भाडे आगाऊ घेतले, आणि मुलाचे वय, वजन व उंची लेखी मागवून घेऊन त्याखाली ‘कन्फर्म’ असा शब्दही लिहून पाठवला. आणखी काय विचारायला हवे होते, असा प्रश्न या कुटुंबाला नंतर अनेकांनी ऐकवला. उत्तर एवढेच की विचारण्यासारखे सर्व विचारले गेले होते आणि ते लिखित स्वरूपात आजही उपलब्ध आहे.

परदेशातून येणारी बरीच विमाने मुंबईत रात्री उतरतात, तसेच यांचेही उतरले. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली गेली तेव्हा सीएनजीच्या टाकीशेजारी, एका कळकट कापडात गुंडाळलेला, पाठ नसलेला बूस्टर निघाला. तो किमान तीन-चार वर्षे वयाच्या व पंधरा किलोंहून अधिक वजनाच्या मुलासाठीचा होता आणि त्याच्या लेबलावर तसे स्पष्ट छापलेले होते. तो कोणत्या पट्ट्याने बांधायचा म्हणून मागच्या बाकाकडे पाहिले, तर पट्ट्यांची कुलुपे, म्हणजे ज्यांत पट्ट्याची जीभ अडकवतात ते लाल बटणाचे भाग, दिसेनात; बाकावर घट्ट शिवलेले रेक्झिनचे कव्हर चढवले होते आणि कुलुपे त्याच्याखाली कायमची गाडली गेली होती. बापाने कव्हरवरून हात फिरवला तेव्हा ती खालच्या बाजूला उंचवट्यासारखी हाताला लागली. संस्थेने चुकीचे आसन दिले एवढ्यावर प्रश्न संपत नसून या गाडीत मागे बसणाऱ्या कोणालाच पट्टा लावता येणार नाही, आणि आजवर तो कोणी मागितलेलाही नसावा, हे त्या क्षणी उमगले.

यापुढील वर्तन अधिक खेदजनक होते. चालकाने ‘काय होत नाय ओ, मांडीवर घ्या बाळाला, आमची पोरं अशीच मोठी झाली’ असे म्हणून चावी फिरवली. त्याला दोष तरी किती द्यावा, कारण त्याच्या मालकाने त्याला यातले काहीच शिकवलेले नव्हते. मालकाच्या कार्यालयातून मात्र फोनवर सांगण्यात आले की ‘चाइल्ड सीट’ मागितली होती, ती दिली आहे, आणि आता गाडी नको असेल तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. मुलाचे वय व वजन कळवलेला निरोप वाचून दाखवल्यावर ‘ते वेगळ्या डिपार्टमेंटला जातं’ असे उत्तर आले. शेवटी ‘बाळाला पुढे घेऊन बसा, त्यालाही बाहेरचं दिसेल’ अशी सूचना झाली, आणि ती सर्वांत घातक होती, कारण पुढच्या बाकासमोर एअरबॅग असते. धडकेच्या वेळी क्षणार्धात फुगणारी ही पिशवी प्रौढांच्या रक्षणासाठी असते. तिच्या आणि मोठ्या माणसाच्या मध्ये असलेल्या बालकाला ती जीवघेणी ठरू शकते, आणि पुढच्या बाकावर मागे तोंड करून आसन बांधल्यास धोका आणखी वाढतो.

कुटुंबाने ती गाडी नाकारली, विमानतळाजवळ मुक्काम केला, सकाळी दुकान उघडल्यावर आसन विकत घेतले आणि दुसऱ्या मालकाची, मागची कुलुपे मोकळी असलेली गाडी ठरवली. उशीर झाला, खर्च झाला, आणि लोणंदला पोचल्यावर ‘अमेरिकेची फॅडं’ असे शेरेही पडले. हे शेरे मारणाऱ्यांनी डिसेंबरातला शिरवळ-लोणंद रस्ता आठवून पाहावा. परदेशस्थ मुलेबाळे गावी येण्याचा हंगाम आणि ऊसगाळपाचा हंगाम एकच असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतील कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि अंधार पडल्यावर त्या अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. परतीच्या वाटेवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्धच आहे. आणि मागच्या बाकावरच्या पट्ट्याचे म्हणाल तर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या बाकावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, परंतु भाड्याच्या गाड्यांतील कव्हरे होती तशीच राहिली.

म्हणून गाडी ठरवताना ‘सीट आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी जी गाडी प्रत्यक्ष येणार तिच्या मागच्या बाकाचे, मोकळी कुलुपे दिसतील असे छायाचित्र, आणि आसनाच्या लेबलाचे छायाचित्र मागवावे. युरोपीय प्रमाणानुसार बनलेल्या आसनावर नारिंगी लेबल असते व त्यावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व एक आकडा छापलेला असतो. जुन्या ‘आर ४४’ या नियमाखालील आसने वजनावरून ठरतात, उदाहरणार्थ जन्मापासून १३ किलोपर्यंत किंवा ९ ते १८ किलो, तर नव्या ‘आर १२९’ नियमाखालील आसने मुख्यतः उंचीवरून ठरतात व त्यांत किमान पंधरा महिने मागे तोंड ठेवण्याची अट आहे. छायाचित्र पाठवण्यास टाळाटाळ झाली तर त्या संस्थेचा नाद सोडावा. आषाढी वारीच्या दिवसांत यायचे असल्यास माउलींची पालखी नीरेहून लोणंदला मुक्कामी येण्याच्या सुमारास त्या रस्त्यावरील वाहतूक वळवलेली असते, हेही चालकाला आधी विचारून घ्यावे.

स्वतःचे आसन अमेरिकेतून आणणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेतील गाड्यांचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो अडकून बसतो व परत सैल होत नाही, आणि तेथील पुष्कळ आसने याच गुणावर विसंबून बांधली जातात. भारतातील बहुतेक गाड्यांचा पट्टा केवळ जोराचा झटका बसल्यावरच अडकतो, एरवी सैल राहतो. परिणामी तेच आसन येथे कितीही ओढून बांधले तरी वळणावर डुलते. यावर उपाय दोन. गाडीत ‘आयसोफिक्स’ असेल, म्हणजे बाकाची बैठक व पाठ यांच्या फटीत २८ सेंटिमीटर अंतरावर दोन पक्क्या लोखंडी कड्या असतील, तर अमेरिकी आसनाचे खालचे हूक बहुधा त्यांत बसतात. फटीत हात घालून कड्या चाचपून पाहाव्यात. त्या नसतील तर ‘लॉकिंग क्लिप’ नावाची इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची धातूची पट्टी पट्ट्यावर, कुलुपाच्या जिभेजवळ चढवावी, म्हणजे कमरेचा व खांद्याचा भाग एकमेकांवरून सरकत नाहीत. पूर्वी ही पट्टी आसनाबरोबर मिळत असे. आता ती आठवणीने मिळवावी लागते. बांधून झाल्यावर पट्टा जेथून जातो तेथे धरून आसन हलवावे, ते दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. उलट, भारतात घेतलेले युरोपीय प्रमाणाचे आसन अमेरिकेत नेऊन वापरता येत नाही, कारण तेथे तेथील स्वतंत्र प्रमाणपत्र असलेलेच आसन ग्राह्य धरतात. मुंबईत घाईने घेतलेले महागडे आसन त्यामुळेच लोणंदला ठेवून जावे लागले.

विमानात दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन कमी भाड्यात नेण्याची मुभा असते, आणि बहुतेक कुटुंबे तीच घेतात. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेडचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले तेव्हा त्यात मांडीवरची चार मुले होती व त्यांपैकी एक दगावले. त्या विमानातील मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे प्रत्येक मुलाला वेगळे आसन सक्तीचे करावे म्हणून प्रयत्न केले. अमेरिकी विमान प्रशासनाने २००५ मध्ये सक्तीला नकार दिला आणि त्याचे कारण असे दिले की जादा तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे विमान सोडून अधिक धोक्याच्या रस्त्याने जातील. हा युक्तिवाद आकडेमोडीत बरोबर असेलही. परंतु ज्याला वेगळे तिकीट परवडते त्याने ते घ्यावे असे ते प्रशासनही सुचवते, आणि ही दुसरी गोष्ट तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

वेगळे तिकीट काढल्यावरही प्रत्येक आसन विमानात चालत नाही. विमानाचा पट्टा फक्त कमरेचा असल्याने खांद्याच्या पट्ट्यावर अवलंबून असणारी आसने व बूस्टर तेथे निरुपयोगी ठरतात. अमेरिकी आसनाच्या बाजूला, विमानातील वापरासही ते प्रमाणित असल्याचे लाल अक्षरांत छापलेले असते. त्या लेबलाचे छायाचित्र आणि विमान कंपनीच्या लेखी नियमाचे पान फोनमध्ये ठेवावे, कारण काउंटरवरील कर्मचाऱ्याला दोन्ही ठाऊक असतीलच असे नाही. आसनाची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत असावी आणि जागा खिडकीची घ्यावी, म्हणजे इतरांची वाट अडणार नाही. दहा ते वीस किलो वजनाच्या व एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी ‘केअर्स’ नावाचा हलका पट्टा मिळतो, तो विमानाच्या खुर्चीच्या पाठीला बांधतात. मात्र तो मोटारीत चालत नाही, आणि आपली विमान कंपनी तो मान्य करते का, हे ईमेलने विचारून ठेवावे.

आसन सामानात टाकायचेच झाल्यास मूळ खोक्यात, कोपऱ्यांना कपडे भरून टाकावे आणि सुपूर्द करण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्लास्टिकला बारीक तडा गेला असेल तर तो कापडाखाली दिसत नाही, म्हणून विमानतळावरील सामानाच्या पट्ट्यावरून घेताच कव्हर उचलून पाहावे व नुकसान आढळल्यास विमानतळ सोडण्यापूर्वी ‘पी.आय.आर.’ हा नुकसानीचा नोंदणी अर्ज भरावा. भारत २००९ पासून ज्या माँट्रियल करारात सामील आहे, त्यानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ते हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते.

भाड्याच्या गाडीबाबतची तक्रार मात्र वेगळ्या मार्गाने जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे संस्था मुंबईची असली तरी लोणंदच्या माणसाला साताऱ्यातच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. या प्रकरणातील संस्थेने केवळ आसनाचे भाडे परत केले आहे, गाडीची आगाऊ रक्कम, मुक्कामाचा व नव्या आसनाचा खर्च नाकारला आहे, आणि आपल्या जाहिरातीतील ‘बालकांसाठी सुरक्षित’ हे शब्द अद्याप काढलेले नाहीत. बूस्टरच्या लेबलाची, कव्हरखालच्या कुलुपांची व ‘कन्फर्म’ लिहिलेल्या निरोपाची छायाचित्रे त्या कुटुंबाने अर्जाला जोडली आहेत.