एमबीएची आगाऊ तयारी नावाचा गैरसमज

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात विचारणा सुरू होते. शब्द थोडे मागेपुढे, प्रश्न तोच: ‘पुढं एमबीएच करायचंय, मग आत्तापासूनच बीबीए ऑनर्सला घातलेलं बरं ना?’ विचारणारे बहुतेक वडील असतात. ज्याला घालायचं तो शेजारी बसून मोबाइल बघत असतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेकांसाठी नाही.

एमबीएला पदवी कुठलीही चालते. कॅट द्यायला किमान 50 टक्क्यांची पदवी लागते, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 45 टक्के पुरतात. ती मराठी साहित्यातली असो की भौतिकशास्त्रातली, परीक्षा घेणाऱ्यांना देणंघेणं नाही. राज्याच्या एमबीए सीईटीचीही तीच गत. बीबीए केलं म्हणून एमबीएचं एक सत्रही माफ होत नाही. उलट पहिल्या वर्षी मार्केटिंगची तीच मूलतत्त्वं पुन्हा ऐकावी लागतात, आणि ती आपल्याला आधीच येतात या भ्रमात मुलं मागं पडतात. शेजारच्या बाकावर बसलेल्या इंजिनिअरला निदान एक कारखाना आतून माहीत असतो.

आता ‘ऑनर्स’. यूजीसीच्या 2022च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांत किमान 120 श्रेयांक मिळवले की पदवी, चौथ्या वर्षाअखेर 160 झाले की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो. चौथं वर्ष दोन प्रकारच्या मुलांना खरंच उपयोगी आहे. प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचंय त्याला, कारण त्याची पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते. अमेरिकेत पुढं शिकायचंय त्याला, कारण तिकडची बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बाकीच्यांनी ते वर्ष नोकरीत घालवलं तर एमबीएच्या मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल.

बीबीए घ्यावं की बीएमएस, यावर घराघरांत वाद झडतात. 2024पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी लागली. त्याबरोबर मुंबईत अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं आणि सीईटी टाळली. तीच इमारत, बरेचसे तेच शिक्षक, पाटी नवी. तेव्हा नावावरून झोप उडवून घेऊ नका. त्यापेक्षा कॉस्ट अकाउंटिंग आणि संख्याशास्त्र कोण शिकवतं, ते पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. ‘सर्वोच्च पॅकेज’चा फलक दाखवला तर वर्गातल्या अगदी मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा, आणि तो नेमकं काय काम करतो तेही. बऱ्याचदा त्याला दर महिन्याला कर्ज नाहीतर विमा विकायचं टार्गेट असतं. हे काम वाईट नाही, पण त्यासाठी विनाअनुदानित तुकडीची फी भरायची गरज नव्हती. त्याच आवारात बीकॉमची अनुदानित तुकडी असते, तिची फी त्या मानानं किरकोळ.

सीएबद्दल नव्यानं सांगण्यासारखं फार नाही. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झाली आहे, परीक्षा सोपी झालेली नाही. आयआयएमचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम इंदूरला 2011मध्ये सुरू झाला, पुढं इतर आयआयएमनीही तो आणला. गणित पक्कं असेल आणि खर्च झेपत असेल तर जरूर प्रयत्न करा.

माझा आग्रह वेगळ्याच वाटेचा आहे. अनुदानित बीकॉम आणि त्याबरोबर सीएमए, म्हणजे परिव्यय लेखापाल. जुनी माणसं याला आयसीडब्ल्यूए म्हणून ओळखतात. संस्था 1944ची, 1959च्या कायद्यानं तिला वैधानिक दर्जा मिळाला. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएट आणि फायनलचे प्रत्येकी आठ, शिवाय 15 महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. फी सर्वसाधारण मॅनेजमेंट पदवीच्या जवळपासही जात नाही. एक सावधगिरी: जाहिरातींत झळकणारी अमेरिकी संस्थेची सीएमए वेगळी. क्लासवाले हा फरक आपण होऊन सांगतीलच असं नाही.

हे सुचवलं की पालकांचा चेहरा पडतो. ‘का, सीए जमणार नाही का त्याला?’ अहो, हे सीए न जमलेल्यांचं वसतिगृह नाही. काम काय असतं ते बघा. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीत जा. तिथं कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. समजा शंभर नग ओतले आणि आठ रिजेक्ट झाले. मालक म्हणतो, वितळवू परत, लोखंड कुठं जातंय? लोखंड जात नाही हे खरं, पण भट्टीची वीज, साच्याची वाळू, कामगारांची पाळी हे सगळं गेलेलं असतं. ते उरलेल्या ब्याण्णव नगांवर चढवायचं, की ज्या विभागाच्या चुकीनं बिघडलं त्याच्या नावावर टाकायचं? दर ठरवताना हे धरलंच नाही तर ऑर्डर भरपूर आणि खात्यात खडखडाट. हा हिशेब मांडता येणारी मुलगी चाकणला, वाळूजला, बुटीबोरीला, कुठंही उपाशी राहणार नाही. शिवाय कंपनी कायद्याच्या 148व्या कलमानुसार सिमेंट, औषधं अशा ठरावीक उद्योगांतल्या मोठ्या कंपन्यांना परिव्यय लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, आणि ते परिव्यय लेखापालच करू शकतो. अवघड आहे का? आहे. फायनलला मुलं रखडतात, दोन-दोन वर्षं. पण तोवर बीकॉम पदरात असतं आणि इंटरमीजिएटवरही कारखान्यांच्या कॉस्टिंग विभागात शिरकाव होतो.

आता थोडं कडू. ‘आम्ही ठरवलंय’ असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी एक काम सांगतो: पंधरा मिनिटं बाहेर बसा. मग मुलं बोलतात. कुणाला अर्थशास्त्र आवडतं, कुणाला हॉटेलचं स्वयंपाकघर, आणि कितीतरी जणांना आपल्याला काय आवडतं हेच माहीत नसतं, कारण तसं विचारलेलंच नसतं. सर्वांत हट्टी असतात घरचा धंदा असलेले वडील. ‘गादीवर बसायचंय, म्हणून बिझनेसची डिग्री.’ काकासाहेब, तुमच्या धंद्यातला ई-वे बिलचा घोळ आणि तीन महिने अडकलेली उधारी त्याला कुठलंही विद्यापीठ शिकवणार नाही. आणि त्याला गादीवर बसायचंय का, हे तुम्ही त्याला विचारलंय का?

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा (सीएपी) पसंतीक्रम भरायच्या आधी या सुट्टीत त्याला दुकानात न्या. गल्ल्यावर बसवू नका. थकलेल्या येण्याची यादी द्या, फोन त्याला करू द्या, शिव्या त्याला खाऊ द्या. महिन्यानंतर तो म्हणाला की हे मला नको, तर ऐका. धंद्याला पुतण्या असतो, भागीदार असतो, पगारी मॅनेजर असतो. आणि तो म्हणाला की हवंय, तर बीकॉमला घाला, सकाळचं कॉलेज घ्या, दुपारी दुकान.