वऱ्हाडाला कोणतं वारं?

प्रश्न : समुद्राच्या वाऱ्यामुळे मुंबईची हवा साफ राहते म्हणतात. आमच्या अकोल्याला समुद्र नाही, म्हणून हिवाळ्यात सांजेला धूर गावावर बसून राहतो का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : काही अंशी हो. पण समुद्राचा वारा घाण नाहीशी करत नाही, हलवतो. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेली हवा वर गेली की समुद्रावरची गार हवा आत शिरते. दुपारचा हा खारा वारा मुंबईचा धूर ठाणे-कल्याणकडे ढकलतो. रात्री वारं उलटतं, आणि समुद्रावर गेलेल्यातलं थोडं दुसऱ्या दिवशी परतही येतं. ही ये-जा मंदावली की मुंबईचेही हाल होतात. २०२२-२३च्या हिवाळ्यात तसंच झालं. शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ‘ला निना’शी जोडला.

उन्हाळ्यात हा वारा कधीकधी संध्याकाळी पुण्यापर्यंत चढतो. वऱ्हाडापर्यंत काही येत नाही.

आपला पयनघाट उत्तरेला गाविलगड आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांमध्ये आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, सूर्य मावळताच जमीन झपाट्यानं गार होते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वरची मात्र उबदार राहते. मग तो उबदार थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर अडकतो. दिवेलागणीला धुऱ्यावर कपाशीची पऱ्हाटी पेटवलेली पाहा : धूर कडुनिंबाच्या शेंड्याएवढा चढतो, तिथेच आडवा पसरतो आणि रात्रभर वस्तीत रेंगाळतो. सकाळी ऊन चांगलं तापल्यावरच तो थर फुटतो. मे महिन्यात हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, म्हणून धूर विरळ होतो. धूळ मात्र उडतेच.

थोडक्यात, हिवाळ्यात वाऱ्याच्या भरवशावर राहून आपलं भागणार नाही, धूरच कमी करायला हवा. अमरावतीनं ते मनावर घेतलं आहे. २०२५च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत ती देशात पहिली आली. रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, वाहनांचा धूर यांवर केलेल्या कामाला या सर्वेक्षणात गुण असतात.

पऱ्हाटी तर जाळूच नये असं मला कळकळीनं वाटतं. श्रेडरनं बारीक करून ती मातीत गाडली, तर जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, आणि तिच्यात दडलेल्या गुलाबी बोंडअळीचाही बंदोबस्त होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचं सकाळचं फिरणं ऊन वर आल्यावरच ठेवा.