जिना आधी ठरव

चि. दत्तू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा पाहिला. धाकट्याचं लग्न ठरतंय, म्हणून यंदा दोन खोल्या आणि पुढे वरचा मजला, हे बरोबर. पण कागदावर तू यंदाच्या दोन खोल्याच काढल्यास. आधी वरच्या मजल्यासकट सगळं घर काढ, मग त्यातलं यंदा काय बांधायचं ते ठरव.

जिना बैठकीतून नको, अंगणाच्या कडेने बाहेरून घे. उद्या वर वेगळी चूल मांडली गेली तर कुणाच्या घरातून जावं लागणार नाही. (वेगळ्या चुलीचं नाव काढलं म्हणून ताई रागावेल, रागावू दे.) संडास-बाथरूम वरखाली एकाच रेषेत ठेव.

कळंबची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली ने आणि वरच्या मजल्याचं वजन धरूनच काढ. खर्च वाचवायचा तर फरशी-रंगात वाचव. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला नवं बांधकाम बांधून टाकू नकोस. दोन्हींचं बसणं वेगळं, म्हणून जोडलंस की तडा जाणारच. मध्ये इंचभर फट ठेव, वरून पत्रा मार. गवंडी म्हणेल, "जोडून टाकू, चांगलं दिसतं." ऐकू नकोस.

वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळया गंजून वाया गेलेल्या आपल्याकडे किती दिसतात! १६ मिमीची सळई असेल तर जोडाला साधारण ८० सेंमी लांबी ठेव, आणि सिमेंटचं पाणी लावून कच्च्या काँक्रीटमध्ये गाडून टाक. वरचा मजला लांबणीवर पडणारच, हे धरून चाल.

पुढे वाढवायच्या घराचा विचार नवा नाही. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वसाहत उभारली. घरं वाढवता यावीत म्हणून शेजाऱ्यांत सामाईक भिंत ठेवली नाही. लोकांनी ती वाढवली, कित्येकांनी मूळ घर पाडून नवंच बांधलं. मला त्यात वावगं वाटत नाही. पण पाडून बांधण्याइतका पैसा आपल्याकडे नाही.

पुढच्या उसाच्या बिलाच्या भरवशावर स्लॅब ओतू नकोस. हातात असेल तेवढंच, पण राहण्याजोगं पुरं कर. इंजिनिअरकडून पायाचा हिशेब लेखी घे, आणि खोदाईआधी तो मला पाठव.

तुझा,
मामा