सिद्धार्थनगर : शाक्यांच्या भूमीतील आजचा जिल्हा

धम्मयात्रेला निघालेले आपल्याकडील बहुतेक उपासक-उपासिका गोरखपूरहून सोनौलीमार्गे थेट लुंबिनी गाठतात. वाटेत डाव्या हाताला एक संपूर्ण जिल्हा राहून जातो, आणि त्या जिल्ह्याला तर तथागतांचेच गृहस्थाश्रमातील नाव दिलेले आहे. उत्तर प्रदेशातील हा सिद्धार्थनगर जिल्हा बस्ती जिल्ह्याचे विभाजन होऊन २९ डिसेंबर १९८८ रोजी अस्तित्वात आला. उत्तरेस नेपाळ, पूर्वेस महाराजगंज, दक्षिणेस बस्ती व संत कबीर नगर आणि पश्चिमेस बलरामपूर अशा त्याच्या सीमा आहेत.

हा प्रदेश तराईचा. येथे डोंगर नाहीत. हिमालयाच्या पायथ्याकडून आलेल्या गाळाची सपाट, ओलसर जमीन सर्वत्र पसरलेली आहे. राप्ती, बूढी राप्ती, बाणगंगा, कूडा आदी नद्या पावसाळ्यात पात्र सोडून शेतात शिरतात. सह्याद्रीच्या कुशीत किंवा मराठवाड्याच्या कोरड्या माळावर वाढलेल्या माणसाला पाण्याचे दुर्भिक्ष समजते. पाण्याच्या अतिरेकाने येणारे दारिद्र्य मात्र येथे येऊनच कळते. पूर ओसरला की ताप मागे राहतो. पूर्वांचलातील मेंदूज्वराने या पट्ट्यातील कितीतरी बालके गिळली. गेल्या काही वर्षांत लसीकरण व स्वच्छतेमुळे तो बराच आटोक्यात आला आहे. जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

या भूमीचे खरे धन म्हणजे भात. 'शुद्धोदन' या नावातील 'ओदन' म्हणजे शिजवलेला भात, आणि शुद्धोदनाच्या भावांची नावेही धोतोदन, शुक्लोदन, अमितोदन अशीच सांगितली जातात. शाक्य हे भातशेती करणारे लोक होते, याची याहून बोलकी खूण दुसरी कोणती असणार? आजही येथील 'काला नमक' हा काळ्या टरफलाचा सुगंधी तांदूळ प्रसिद्ध आहे. २०१३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. स्थानिक लोक त्याला बुद्धाचा प्रसाद मानतात. जुने वाण उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उशिरा पिकते आणि उत्पन्न कमी देते, म्हणून मधल्या काळात शेतकऱ्यांनी ते जवळजवळ सोडून दिले होते. बुटक्या सुधारित वाणांमुळे ते आता पुन्हा शेतात दिसू लागले आहे.

भात म्हटला की पाणी आले, आणि पाणी म्हटले की तंटा आला. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच वादात दाखविले. नकाशा समोर ठेवला की ही कारणमीमांसा अधिकच पटते. रोहिणी आजही नेपाळातून उतरून शेजारच्या महाराजगंज जिल्ह्यातून वाहते व गोरखपूरजवळ राप्तीस मिळते. जिथे प्रत्येक शेत पाण्यावर जगते, तिथे नदीचा वाटा हा युद्धाचा विषय होणारच.

प्रशासनाची रचना समजण्यास सोपी आहे. जिल्हा बस्ती मंडलात मोडतो. आपल्याकडे ज्याला विभाग म्हणतात तेच तिकडे मंडल. नौगढ, शोहरतगढ, बांसी, इटवा व डुमरियागंज अशा पाच तहसिली आणि १४ विकासखंड आहेत. तलाठ्याला तेथे लेखपाल म्हणतात, सरपंचाला ग्रामप्रधान, जिल्हा परिषदेला जिल्हा पंचायत. पाचही विधानसभा मतदारसंघ डुमरियागंज लोकसभा मतदारसंघात येतात. त्यांपैकी कपिलवस्तु हा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ६० हजार आहे. दर चौरस किलोमीटरला ८८४ माणसे राहतात. महाराष्ट्रात हाच आकडा ३६५ होता. शंभरातील त्र्याण्णवांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. साक्षरता सुमारे ५९ टक्के होती, तर महाराष्ट्राची ८२ टक्के. स्त्रियांपैकी निम्म्याही लिहू-वाचू शकत नव्हत्या. बौद्धांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. बुद्धाच्या नावाच्या जिल्ह्यात बुद्धाचे अनुयायी इतके थोडे असावेत, आणि शिक्षणाची स्थिती अशी असावी, हे वाचून आपल्यासारख्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेल्या माणसाला अस्वस्थ वाटले नाही तरच नवल. २०१८ मध्ये केंद्राने या जिल्ह्याची 'आकांक्षी जिल्हा' म्हणून निवड केली. मागासलेपणाला दिलेले हे एक सौम्य नावच म्हणायचे!

आता पिप्रहवा. जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूरचे जमीनदार विल्यम पेपे यांनी येथील स्तूप खोदला. दगडी पेटीत अस्थी, रत्ने व ब्राह्मी लेख कोरलेला करंडक सापडला. त्या लेखात शाक्यांचा व बुद्धाच्या धातूंचा उल्लेख आहे. अस्थी सयामच्या राजास देण्यात आल्या. पुढे १९७१ ते १९७३ या काळात के. एम. श्रीवास्तव यांनी त्याच स्तूपात आणखी खाली खणून अस्थी असलेले दोन करंडक शोधले. विहाराच्या अवशेषांत मिळालेल्या मुद्रांवर कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव वाचता येते. प्राचीन कपिलवस्तु पिप्रहवा-गनवरिया की नेपाळातील तिलौराकोट, हा वाद अजून मिटलेला नाही. शाक्यांच्या काळी तेथे सीमारेषा नव्हती, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पेपे यांच्या वंशजांकडे राहिलेल्या रत्नांचा हाँगकाँगमध्ये मे २०२५ मध्ये लिलाव होणार होता. भारत सरकारने हरकत घेतली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव थांबला, आणि जुलैमध्ये मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने मायदेशी आली.

पुढच्या यात्रेत गोरखपूरहून रेल्वेने सिद्धार्थनगर स्थानकावर उतरावे. तेथून बर्डपूरमार्गे पिप्रहव्याचा रस्ता उत्तरेकडे जातो. विटांचा स्तूप, विहाराचे जोते आणि भोवताली भाताची शेते पाहण्यास अर्धा दिवस पुरतो, आणि लुंबिनी तेथून सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही.